वाळलेलीं पानें जाळावीं काय?

माघ महिना अर्ध्यावर आला कीं शाळेच्या आवारांतील पानगळ रंगास येते. साग आधींच उघडा पडलेला असतो. मग बदामाचीं पानें लाल होऊन झडतात आणि फाल्गुनांत पिंपळ थोडक्याच दिवसांत आपलीं सगळीं जुनीं पानें टाकून देतो. सकाळीं प्रार्थनेची घंटा होण्यापूर्वीं खराट्याचा आवाज ऐकूं येतो आणि थोड्याच वेळानें कुंपणाच्या कोपऱ्यांतून धुराची निळसर रेघ वर चढूं लागते. हें दृश्य इतकें परिचयाचें आहे कीं त्यांत कांहीं वावगें आहे असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं.

आमच्याहि मनांत तें आलें नव्हतें. परंतु गेल्या हिवाळ्यांत एके सकाळीं हा धूर वर न जातां वर्गांत शिरला. आमच्या वर्गांत दम्याचा विकार असलेला एक सोबती आहे. दुसरा तास संपण्यापूर्वींच त्यास धाप लागली. गुरुजींनीं त्यास बाहेर नेलें, त्याच्या औषधाचा फवारा दिला, आणि शेवटीं त्याच्या वडिलांस बोलावून घ्यावें लागलें. त्या दिवशीं मधल्या सुटींत आम्ही चौघे माळीबाबांकडे गेलों व पानें जाळूं नका, अशी त्यांस विनंति केली. ते रागावले नाहींत. त्यांनीं एकच साधा प्रश्न विचारला : "नाहीं जाळत, पोरांनो, पण रोज एवढा पाला मी टाकूं तरी कुठें?" या प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. तें शोधण्याचा जो प्रयत्न आम्हीं केला, त्याचा हा वृत्तांत आहे.

प्रथम धुराचा विचार करूं. हिवाळ्याच्या रात्रीं जमीन लवकर निवते व तिला लागून असलेली हवाहि थंड आणि जड होते. तिच्यावर उबदार हवेचा थर झांकणासारखा बसतो. ऊन चढून जमीन तापेपर्यंत हें झांकण उठत नाहीं. म्हणून सकाळचा धूर आकाशांत न जातां माणसाच्या उंचीवरच पसरतो. शिवाय पाल्याचा ढीग चुलींतल्या सुक्या लांकडाप्रमाणें भडकून जळत नाहीं. त्यांत दंवाचा ओलावा असतो, दाबलेल्या पानांच्या आंत वारा पोंचत नाहीं, आणि तो तासन् तास धुमसत राहतो. अशा अर्धवट जळण्यांतूनच कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु आणि धुराचे अतिसूक्ष्म कण अधिक निघतात. यांपैकीं जे कण अडीच मायक्रॉनहून, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या सुमारें तिसाव्या हिश्शाहून, लहान असतात, ते नाकांत किंवा घशांत अडत नाहींत. ते थेट फुप्फुसांच्या तळाशीं जातात. दमेकरी, तान्हीं मुलें व वृद्ध यांस त्यांचा त्रास सर्वांआधीं होतो. पाल्यांत प्लॅस्टिकची एखादी पिशवी मिसळली असेल, तर त्या धुराचें विष आणखीच वाढतें.

दुसरी हानि जमिनीची. झाड आपल्या मुळांनीं जमिनींतून नत्र, स्फुरद, पालाश, चुना इत्यादि द्रव्यें ओढून घेतें. पान गळण्यापूर्वीं झाड त्यांपैकीं कांहीं भाग परत आपल्या अंगांत घेतें खरें. पण उरलेला भाग पानाबरोबर खालीं येतो. तो जमिनीकडून घेतलेला उसना पैसाच होय. पान जाळलें म्हणजे त्यांतील नत्र बहुतेक सगळा वायुरूपानें उडून जातो. राखेंत पालाश व चुना राहतो, परंतु उघड्यावरची राख वारा आणि पाऊस वाहून नेतात. सर्वांत मोठें नुकसान म्हणजे, कुजलेल्या पाल्यापासून जो काळसर, भुसभुशीत व पाणी धरून ठेवणारा अंश बनतो, तो ह्यूमस जमिनीस मुळींच मिळत नाहीं. मग आपणच त्या भुकेल्या जमिनीकरितां बाजारांतून खताचीं पोतीं विकत आणतों!

येथें कोणी विचारील कीं, कोंकणांतला शेतकरी भाताचें बीं पेरण्यापूर्वीं राब भाजतो, तो काय वेडा आहे? नाहीं. राब भाजल्यानें तणाचें बीं मरतें, वरची माती मोकळी होते, आणि राख त्याच वाफ्यांतल्या रोपांच्या उपयोगीं पडते. त्यालाहि पाला व शेण खर्चावें लागतें, परंतु त्याच्या जाळण्यामागें हेतु आहे. शाळेच्या कोपऱ्यांतील आगीमागें पाला दृष्टीआड करणें यापलीकडे कोणताच हेतु नसतो.

माळीबाबांच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस ग्रंथालयांत सांपडलें. आणि तें होळकरांच्या इंदूर शहरांतून आलेलें आहे, हें वाचून विशेष आनंद वाटला. आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९२४ पासून १९३१ पर्यंत इंदूर येथील इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री या संस्थेचे प्रमुख होते. हिंदुस्थानांतील शेतकरी आणि पिकांवरील कीड यांस ते आपले गुरु मानीत. शेतांतील काडीकचरा, पाला, शेण, गोमूत्रानें भिजलेली माती व राख यांचे थर रचून, ते ओले ठेवून व ठराविक वेळीं चाळवून सुमारें तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत त्यांनीं बसविली. आपले सहकारी यशवंत वाड यांच्यासह त्यांनीं १९३१ सालीं या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि 'इंदूर पद्धति' हें नांव जगभर झालें.

या रीतींत खरे कामकरी आपण नव्हे, तर डोळ्यांस न दिसणारे जीवाणु आणि बुरशी हे होत. त्यांस कर्ब, नत्र, पाणी व हवा हीं चार हवींत. नत्राच्या एका भागास कर्बाचे पंचवीस ते तीस भाग असले म्हणजे त्यांचें काम उत्तम चालतें. सुक्या पानांत कर्ब फार व नत्र थोडा. म्हणून त्यांत शेण किंवा हिरवें गवत मिसळावयाचें. हें मिश्रण नीट जमलें म्हणजे ढीग आपोआप तापतो. त्याची उष्णता ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत चढते व तींत तणाचें बीं आणि रोगजंतु बहुतांशीं मरतात.

ज्यांस हें करून पाहावयाचें असेल त्यांनीं सावलीची जागा निवडून सुमारें तीन फूट लांब, रुंद व उंच असा विटांचा सांदी ठेवलेला चौकोन रचावा. तळाशीं जाड काटक्या घालाव्या, म्हणजे खालून हवा खेळेल. त्यावर वीतभर पाला, चार बोटें हिरवें गवत, वर शेणकाला व मूठभर माती असे थर द्यावे. पंधरा दिवसांनीं ढीग वरखालीं करावा. काम दाताळ्यानें करावें, उघड्या हातानें करूं नये. कारण पाल्यांत विंचू असण्याचा संभव असतो. प्लॅस्टिक, कांच व शिजलेलें अन्न यांत घालूं नये. शेण न मिळाल्यास नुसता ओला पालाहि कुजतो, मात्र त्यास सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत वेळ लागतो. एवढेंहि जमत नसेल, तर पानें झाडाखालींच बुंध्यापासून वीतभर दूर पसरावीं; त्यानें जमिनींतील ओल टिकते.

आमचा पहिला ढीग फसला, हें सांगितलें पाहिजे. आम्हीं वरून झारीनें पाणी घातलें. आंतला पाला कोरडाच राहिला आणि तीन आठवडे झाले तरी ढिगास ऊब म्हणून आली नाहीं. दोष माळीबाबांनीं ओळखला. "पाला शिंपडून भिजत नाहीं, तुडवून भिजवावा लागतो," असें म्हणून त्यांनीं सगळा ढीग मोडविला. मूठभर पाला पिळला असतां पाण्याचे एकदोनच थेंब गळावे, इतका ओलावा आम्हीं त्यास दिला. चौथ्या दिवशीं सकाळीं ढिगांतून वाफ निघतांना दिसली. जूनमध्यें आमच्या छातीइतका ढीग गुडघ्याइतका झाला होता. त्यांत एकहि पान ओळखूं येत नव्हतें, आणि पहिल्या पावसानंतर मातीस येतो तसा त्याचा वास होता.

कायदाहि याच बाजूचा आहे. २०१६ सालच्या घनकचरा नियमांनीं बागेचा कचरा वेगळा ठेवण्यास सांगितलें व रस्त्यावर कचरा जाळण्यास मनाई केली. त्याच वर्षीं २२ डिसेंबर रोजीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये, व मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास २५,००० रुपये भरावयास लावण्याचा आदेश दिला. परंतु दंडाच्या भीतीनें विझलेली आग पाठ फिरतांच पुन्हां पेटते. माळीबाबांचा प्रश्न सुटला, म्हणूनच आमच्या कोपऱ्यांतली आग विझली.

यंदाच्या हिवाळ्यांत शाळेच्या आवारांत एकदांहि पाला जळला नाहीं. आमचा तो सोबती आतां ढिगाच्या पाळींत आमच्याबरोबर असतो. पाला तुडविण्याचें काम मात्र, धूळ उडते म्हणून, आम्ही त्यास देत नाहीं. तथापि कुंपणापलीकडे शेजाऱ्यांच्या बागांतून अजून धूर येतो, आणि धुरास कुंपण माहीत नसतें. त्या शेजाऱ्यांकडे तक्रार घेऊन न जातां खताचें एकेक टोपलें घेऊन जावयाचें, असें आम्हीं ठरविलें आहे. पाला टाकावयाचा कुठें, असें त्यांनीं विचारल्यास त्यांस सांगावयास आतां आमच्यापाशीं उत्तर आहे. वाचकांपैकीं कोणास आमचा ढीग पाहावयाचा असेल, तर त्यांनीं मधल्या सुटींत विहिरीमागें यावें. माळीबाबा आनंदानें दाखवितील.