आंधळ्या माशाचे डोळे का जातात?

मेक्सिकोतल्या चुनखडीच्या गुहांमधला अ‍ॅस्टियानॅक्स मासा आंधळा असतो. ‘वापर नाही म्हणून डोळे झिजले’ हे नेहमीचं स्पष्टीकरण मला अपुरं वाटतं, कारण त्याच्या भ्रूणात डोळे तयार व्हायला लागतात. मग भिंगातल्या पेशी मरतात आणि डोळा खचतो. २००० साली यामामोटो आणि जेफरी या संशोधकांनी नदीतल्या डोळस भाईबंदाचं भिंग या भ्रूणात बसवलं, तर चक्क डोळा वाढला! म्हणजे बाकीची तयारी बरीचशी शाबूत आहे. निरुपयोगी अवयवात बिघाड साचतातच, असा आक्षेप येईल आणि तो काही अंशी खराही आहे. पण डोळा आणि मेंदूतलं दृष्टिकेंद्र पोसायला बरीच ऊर्जा लागते. अन्नटंचाईच्या गुहेत ती वाचवणारा मासा तगतो. शिवाय ज्या जनुकीय संकेताच्या वाढीमुळे डोळा खुंटतो, त्यामुळेच रुचिकलिका वाढतात.