डॅनिश खुर्ची आणि चांद्याचा साग

नंदनवन, हसनबाग, जगनाडे चौक या पूर्व नागपूरच्या पट्ट्यात घरासाठी टेबल-खुर्च्या घ्यायच्या म्हटल्या की कुटुंबासमोर दोन वाटा असतात. एक तयार मालाची: खाली निमुळते होत गेलेले पाय, फिकट लाकडी रंग, आणि विक्रेत्याच्या तोंडी ‘स्कँडिनेव्हियन स्टाइल’. दुसरी वाट लकडगंजातून लाकूड आणून मिस्त्रीला काम देण्याची. पहिली वाट आधुनिक आणि दुसरी जुनाट, असं आता बहुतेक जण धरून चालतात. मला ही समजूत चुकीची वाटते. डेन्मार्कनं गेल्या शतकात ज्या गुणावर नाव कमावलं, तो गुण त्या निमुळत्या पायांपेक्षा मिस्त्रीच्या कामात जास्त सापडतो. मिस्त्रीकडे कमी आहे ती मापाची आणि आराखड्याची जोड, आणि ती देता येण्यासारखी आहे.

डॅनिश खुर्ची कशी बनते ते नीट पाहिलं की हे पटेल. हान्स वेग्नर जोडे शिवणाऱ्या कारागिराचा मुलगा. चौदाव्या वर्षी तो सुताराच्या हाताखाली लागला आणि पुढे आयुष्यात त्यानं पाचशेहून अधिक खुर्च्या आखल्या. त्याची १९४९ची विशबोन खुर्ची १९५०पासून आजतागायत बनते आहे. तिच्या घडणीत शंभरावर टप्पे आहेत आणि त्यांतले बरेचसे अजून हाताचे आहेत. पाय आणि आडव्या दांड्या जोडताना एका लाकडात खाच पाडतात, दुसऱ्याचं टोक तासून त्या खाचेत घट्ट बसवतात. बैठकीला सुमारे १२० मीटर कागदी दोर लागतो. विणणारा चारही कोपऱ्यांतून फेर घेत आत येतो, प्रत्येक फेऱ्याला दोर ताणून धरतो, आणि शेवटी चार त्रिकोण मधोमध मिळतात. हा दोरही मुळात अडचणीतून आला: दुसऱ्या महायुद्धात समुद्री गवताचा दोर मिळेना, म्हणून पिळलेला कागद वापरात आला. आपल्याकडच्या बाजेचं तत्त्वही हेच आहे. विण झिजली की लाकडाची चौकट तशीच ठेवून नवी विण घालायची. जी वस्तू उसवून पुन्हा उभी करता येते तीच दोन पिढ्या टिकते, आणि ‘अभिजात’ हा शब्द मी फर्निचरला त्याच अर्थानं लावेन. पार्टिकल बोर्डच्या टेबलाला डॅनिश वळणाचे पाय जोडल्यानं हा गुण त्यात येत नाही.

लाकडाची गोष्ट तर आपल्या अगदी जवळची आहे. युद्धानंतरच्या दोन दशकांत डॅनिश फर्निचर जगभर गेलं ते मोठ्या प्रमाणावर सागवानाचं होतं, आणि तो साग डेन्मार्कमध्ये उगवत नाही. तो आग्नेय आशियातून जहाजानं येई. नागपूरला साग आणायला समुद्र ओलांडावा लागत नाही. जुन्या चांदा जिल्ह्यातल्या आलापल्ली आणि बल्लारपूरचा साग नावाजलेला आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली चंद्रपूर जिल्ह्यातूनच लाकूड गेलं, आणि त्याच वर्षी खुल्या झालेल्या संसद भवनातलं सागवान नागपूरचं म्हणून सांगितलं गेलं. शिवाय इथली हवा लाकडाची खरी परीक्षा घेते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत किंवा त्याच्याही वर जातो, बाहेर हवा कोरडी ठणठणीत, आणि घरात कूलर दिवसभर ओलावा सोडत असतो. लाकूड ओलाव्यानं रुंदीत फुगतं आणि कोरडेपणानं आकसतं. लांबीत ते जवळपास हलत नाही. युरोपात खुर्च्यांना सर्रास वापरलं जाणारं बीच झाडाचं लाकूड या फुगण्या-आकसण्यात बरंच हलतं, साग फार कमी हलतो. कूलरचं पाणी उडतं त्या भिंतीशी ठेवलेलं पार्टिकल बोर्डचं कपाट दोन-तीन उन्हाळ्यांत खालून फुगायला लागतं, कडेची पट्टी सुटते, आणि एकदा बोर्ड भुसभुशीत झाला की त्यात स्क्रू धरत नाही. नीट वाळवलेल्या सागाला हे दुखणं नाही.

मग आपल्या मिस्त्रीनं केलेली खुर्ची पुष्कळदा अवजड आणि अवघडलेली का होते? लाकूडही चांगलं असतं आणि हातही. उणीव मोजण्याची असते. कोपनहेगनच्या कला अकादमीत कोरे क्लिंट यांनी १९२४पासून फर्निचरचं शिक्षण उभं केलं, ते मोजमापावर. माणसाचं शरीर, घरातली ताटं, कपड्यांच्या घड्या हे सगळं मोजायचं आणि मग कपाट किंवा खुर्ची आखायची. ती मापं डॅनिश माणसांची होती. विशबोनची बैठक ४५ सेंटिमीटर उंच आहे. सरासरी १५२ सेंटिमीटर उंचीच्या भारतीय स्त्रीचे पाय तिच्यावर बसल्यावर जमिनीला धड टेकत नाहीत. आपल्याकडे खुर्चीवरही मांडी घालून बसतात, म्हणजे बैठक रुंद हवी आणि खुर्चीचे हात एक तर नकोत किंवा एकमेकांपासून दूर हवेत. भारतीय शरीराच्या मापांचं देबकुमार चक्रवर्ती यांचं पुस्तक अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं १९९७ साली काढलं. साहित्य उपलब्ध आहे. ते लकडगंजच्या आरामशीनपर्यंत पोचलेलं नाही. म्हणून डॅनिश खुर्चीची हुबेहूब नक्कल करून घेणं मला पटत नाही. त्यांची मोजण्याची सवय घ्यावी, आकडे आपले घालावेत.

यावर पहिला आक्षेप किमतीचा, आणि तो खरा आहे. सागवान महाग आहे. पण महागाई बरीचशी आपल्या आवडीमुळे वाढते. कोरीवकाम केलेल्या एका जाड सोफ्यात जितकं लाकूड जातं, तितक्यात बारीक पायांच्या कितीतरी खुर्च्या होतील. सागाच्या रोपवनात विरळणी करताना कमी घेराचे ओंडके निघतात. त्यांतून दाराची चौकट होत नाही, खुर्चीचे पाय होऊ शकतात. बाहेरचं पांढरं लाकूड तेवढं काढावं लागतं, कारण वाळवी त्यालाच आधी धरते. दुसरा आक्षेप भाड्याच्या घरांचा: बदली झाली की सामान हलवायचं कसं? सुट्या भागांच्या फर्निचरची सोय मोठी आहे. आयकियानं १९५६च्या सुमारास टेबलाचे पाय वेगळे करून पेटीत घालायला सुरुवात केली, आणि २०१८ साली हैदराबादला, २०२० साली नवी मुंबईत दालन उघडलं ते त्याच सोयीच्या बळावर. पण सुटं होणं म्हणजे हलक्या दर्जाचं असणं नव्हे. फिनलंडच्या आल्वार आल्टोचं १९३३चं तीन पायांचं स्टूलही पाय सुटे करून पाठवता येतं, आणि त्याचे पाय भरीव बर्चचे आहेत. उघडायचे सांधे बोल्टचे आणि कायमचे सांधे खाचेचे, एवढा फरक आराखड्यातच केला तर दोन्ही साधतं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: एकटा मिस्त्री प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवा आराखडा कुठून आणणार? त्यानं तो आणावा अशी अपेक्षाच चूक आहे. डेन्मार्कमध्येही सुतारावर हे ओझं नव्हतं. तिथल्या ग्राहक सहकारी संस्थांच्या महासंघानं, एफडीबीनं, १९४२ साली बोर्ग मोगेनसेनला फर्निचर विभागाचा प्रमुख केलं. त्यानं १९४७ साली जे ३९ ही खुर्ची आखली: सरळ पाय, पाठीला एकच रुंद फळी, विणलेली बैठक, सामान्य कुटुंबाला परवडेल अशी किंमत. सहकाराची एवढी मोठी परंपरा असलेल्या महाराष्ट्राला हा मार्ग अनोळखी वाटू नये. राज्याच्या वनविकास महामंडळाचं मुख्यालय नागपुरात आहे, साग त्यांच्याकडे आहे, आणि वास्तुकलेचं शिक्षण देणारी व्हीएनआयटी याच शहरात आहे. महामंडळानं एक चांगला आराखडाकार नेमावा, इथल्या शरीराच्या आणि इथल्या उन्हाळ्याच्या हिशेबानं चार-पाच खुर्च्या, एक टेबल आणि एक पलंग आखून घ्यावा, आणि ते आराखडे मापांसकट कुठल्याही मिस्त्रीला फुकट द्यावेत. तोवर नंदनवनातल्या गिऱ्हाइकानं दुकानात असो वा मिस्त्रीकडे, तीन प्रश्न नक्की विचारावेत: लाकूड किती वाळलं आहे, सांधा कशाचा आहे, आणि बैठक जमिनीपासून किती उंच आहे.