हजार फुटांचं अंतर

१२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियन एअरलाइन्सचं बोइंग ७४७ वर चढत होतं. त्याला १४,००० फुटांची परवानगी होती. समोरून कझाकस्तान एअरलाइन्सचं इल्युशिन-७६ उतरत होतं. त्याने १५,००० फुटांवर थांबायचं होतं. ते आणखी खाली आलं. हरियाणातल्या चरखी दादरीजवळ टक्कर झाली आणि दोन्ही विमानांतले सगळे, ३४९ जण, गेले.

ठपका कझाक वैमानिकांवर आला, पण दिल्लीची व्यवस्थाही तोकडीच होती. बरंचसं आकाश हवाई दलाकडे, म्हणून नागरी विमानांना येण्याजाण्याला एकच मार्ग. नियंत्रकाच्या रडारवर तर विमानाची उंचीच दिसत नसे!

पुढे येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, प्रवासी विमानांत टक्कर टाळणारी ‘टीकॅस’ यंत्रणा सक्तीची झाली. दोन्हीकडे ती असेल तर ऐनवेळी एका वैमानिकाला ‘वर जा’, दुसऱ्याला ‘खाली जा’ असा आदेश मिळतो. मात्र त्यासाठी समोरच्याचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे विचारणेला रेडिओ संकेताने उत्तर देणारं यंत्र, चालू हवा. छोट्या खासगी विमानात तो नसेल किंवा बंद असेल, तर टीकॅसला ते विमान दिसतच नाही.