वाळवंटातला समुद्र आणि खायचा सोडा

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, टूसॉन शहराच्या उत्तरेला ओरॅकल नावाचं गाव आहे. समुद्रसपाटीपासून उंची हजार मीटरांहून जास्त. आजूबाजूला निवडुंग, खडक आणि डोळे दिपवणारं ऊन. गावाजवळच एका काचेच्या छपराखाली साडेसव्वीस लाख लिटर खारं पाणी साठवलेलं आहे. त्याला वाळूचा किनारा आहे, यंत्रावर उठणाऱ्या लाटा आहेत, आणि एके काळी त्यात कॅरिबियन समुद्रातलं जिवंत प्रवाळ वाढत होतं. संपादकांनी लेख मागितला होता तो घरातल्या प्रवाळटाक्यांवर: त्यांचं पाणी बिघडतं कसं आणि दुरुस्त कसं करायचं. पण वाचायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की या विषयातला सगळ्यात महाग धडा याच टाकीत गिरवला गेला. म्हणून आधी ओरॅकल गाठायचं ठरवलं.

वास्तूचं नाव बायोस्फिअर 2. पृथ्वी ही पहिली, म्हणून ही दुसरी. पैसा टेक्सासच्या एड बास यांचा, कल्पना जॉन ॲलन यांची, बांधकाम 1987 ते 1991. सव्वा हेक्टरात वर्षावन, सव्हाना, खारफुटी, वाळवंट, शेती आणि समुद्र बसवला. 26 सप्टेंबर 1991 रोजी आठ माणसं आत गेली आणि दार लागलं, ते दोन वर्षांनी उघडलं. आतली उपासमार आणि भांडणं यांवर पुस्तकं निघाली. 1996 मध्ये कोलंबिया विद्यापीठाने कारभार हाती घेतला, 2007 मध्ये ॲरिझोना विद्यापीठाने. वाटाड्या हे सगळं एका दमात सांगून पुढच्या दालनाकडे वळतो. मी समुद्रापाशीच रेंगाळलो.

हा समुद्र बनवण्याची रीत घरच्या टाकीसारखीच होती. थोडं पाणी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून टँकरने आणलं, बाकीचं विहिरीच्या पाण्यात तयार मीठ कालवून केलं. हेच मिठाचं मिश्रण हौशी लोक पिशवीतून विकत आणतात. प्रवाळ मेक्सिकोच्या युकाटन किनाऱ्यावरून ट्रकमधून आलं. म्हणजे ही जगातली एक अवाढव्य घरगुती टाकीच. तिचं दुखणं समजून घ्यायला म्हणून मी फिनिक्सजवळच्या चँडलर गावी एका मराठी घरात गेलो. तिथे दिवाणखान्यात 400 लिटरची प्रवाळटाकी आहे.

घरधनी अभियंता, बोलायला मोजका. टाकीतलं पाणी त्याने इंजेक्शनच्या सिरिंजने ओढलं, पाच मिलिलिटर काचेच्या कुपीत सोडलं आणि त्यात आम्लाचा एकेक थेंब टाकू लागला. पहिल्या थेंबाला पाणी निळं झालं. दुसरा, तिसरा, चौथा. दर थेंबाला कुपी हलवायची आणि पांढऱ्या कागदासमोर धरायची. सहाव्या थेंबाला हिरवट छटा आली आणि लगेच गेली. सातव्याला पाणी लख्ख पिवळं झालं. त्याने वहीत तारखेपुढे 7 लिहिलं. कालचा आकडा 8 होता.

या आकड्याला टाकीवाले अल्कलिनिटी म्हणतात. पाणी किती आम्ल पचवू शकतं, त्याचं हे माप. समुद्राच्या पाण्यात ते मुख्यतः बायकार्बोनेट आणि कार्बोनेट यांच्यामुळे येतं. एक थेंब म्हणजे एक डीकेएच, हे तिचं एकक, आणि नैसर्गिक समुद्राची अल्कलिनिटी सातच्या आसपास असते. प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलून चुनखडीचा सांगाडा बांधतं. दर लिटरमागे एक डीकेएच उतरलं की साधारण 18 मिलिग्रॅम चुनखडी तयार झालेली असते. 400 लिटरच्या टाकीत एका दिवसात एक डीकेएच गेलं, म्हणजे प्रवाळाने काल सात ग्रॅम सांगाडा बांधला. कुपीतला एक कमी थेंब हे सांगतो.

मग कॅल्शियम का नाही मोजत? तेही मोजतात, पण आठवड्याने. लिटरमागे एक डीकेएच खर्च होताना कॅल्शियम जेमतेम सात मिलिग्रॅम उतरतं, आणि समुद्राच्या पाण्यात ते असतं 420 मिलिग्रॅमच्या घरात. सगळी अल्कलिनिटी संपली तरी कॅल्शियमला फार तर आठव्या हिश्श्याचा फटका बसेल. कॅल्शियम ही मुदत ठेव आहे, अल्कलिनिटी ही खिशातली चिल्लर. दुकानात आधी चिल्लरच संपते. तिसरा गडी मॅग्नेशियम. लिटरमागे 1,300 मिलिग्रॅमच्या आसपास असलं तर ते चुनखडीला आपोआप साका बनून तळाशी बसू देत नाही. ते घटलं की वरून कितीही भर घाला, ती पंपावर आणि हीटरवर पांढरी पुटं होऊन चिकटते.

दुरुस्तीचं सामान स्वयंपाकघरातलं आहे. अल्कलिनिटीसाठी खायचा सोडा: 100 लिटरला तीन ग्रॅम टाकला की एक डीकेएच वाढतं. कॅल्शियमसाठी कॅल्शियम क्लोराइड, वेगळं विरघळवून, वेगळ्या वेळी. दोन्ही एकाच जागी ओतलं तर पाण्यात दुधाळ ढग उठतो आणि दोन्ही वाया जातात. युरोपातले जुने जाणकार चुन्याची निवळी रात्री थेंबथेंब सोडत. आटलेल्या पाण्याची भरपाईही होते आणि कॅल्शियम-अल्कलिनिटी दोन्ही एकदम मिळतात. घरधन्याच्या आई साताऱ्याहून आलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भज्यांना चिमूटभर सोडा मागितला तर हा म्हणतो, आई, तो डबा माशांचा."

मी विचारलं, "पीएच बघत नाही का तुम्ही?"

"पीएच शेवटी. आधी खिडकी उघडी आहे का बघायचं."

या उत्तरात अर्धं शास्त्र आहे. ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात घर बंद, एसी चालू, आत चार माणसं. हवेत कार्बन डायऑक्साइड साठतो, तो पाण्यात उतरतो आणि पीएच घसरतो. अल्कलिनिटी मात्र जागची हलत नाही. नवखा माणूस पीएचचा आकडा बघून घाबरतो, वरून क्षार ओतत राहतो, अल्कलिनिटी बारा-तेरावर जाते आणि प्रवाळाची टोकं जळतात. दोष पाण्यात नव्हता, हवेत होता. या घरात टाकीच्या फेसयंत्राला हवा पुरवणारी नळी भिंतीतून बाहेर काढलेली आहे. तेवढ्यावर पीएच सावरतो.

बायोस्फिअर 2 ला खिडकीच नव्हती. बंद राहणं हाच तर प्रयोग होता. आतल्या मातीत सेंद्रिय खत भरपूर होतं; त्यातले जिवाणू प्राणवायू ओढून कार्बन डायऑक्साइड सोडत होते. हिवाळ्यात ऊन कमी, झाडं मंदावलेली. बाहेरच्या हवेत तेव्हा दहा लाख भागांत 350 च्या थोडा वर असलेला हा वायू आत 4,000 च्या वर गेला. समुद्राचा पीएच घसरू लागला. समुद्राची जबाबदारी ॲबिगेल ॲलिंग यांच्याकडे होती. खिडकी उघडता येत नव्हती, म्हणून पाण्यात सोडा टाकत राहणं आणि प्रवाळावर चढणारं शेवाळ हाताने उपटणं, हे दोन वर्षं चाललं.

तिकडे प्राणवायू 21 टक्क्यांवरून 14 टक्क्यांच्या आसपास उतरला, पण त्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइड वाढायला हवा होता तेवढा वाढलेला दिसेना. गायब झालेला वायू सापडला तो काँक्रीटमध्ये. ताज्या काँक्रीटमधला चुना तो वायू शोषून चुनखडी बनत होता. प्रवाळाला चुनखडी बनवणं जड जात होतं, आणि त्याच घराच्या भिंती ती मुकाट्याने बनवत होत्या.

हा फसलेला प्रयोगच पुढे कामाला आला. कोलंबिया विद्यापीठाच्या काळात ख्रिस लँग्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न उलटा केला. पाणी बिघडू नये म्हणून धडपडण्याऐवजी त्यांनी ते मुद्दाम बदललं. कधी सोडियम बायकार्बोनेट, कधी सोडियम कार्बोनेट, कधी कॅल्शियम क्लोराइड टाकून पाण्यातलं चुनखडीचं संपृक्तीचं प्रमाण वरखाली केलं आणि प्रत्येक वेळी अल्कलिनिटी किती उतरते ते मोजलं. तत्त्व चँडलरच्या कुपीतलंच, फक्त मापन कितीतरी काटेकोर. या टाकीत एक डीकेएच वाढवायला सुमारे 80 किलो खायचा सोडा लागतो, यावरून पसाऱ्याचा अंदाज यावा. हे त्यांनी 3.8 वर्षं केलं आणि 2000 साली निष्कर्ष छापले.

त्यातली तीन वाक्यं महत्त्वाची. एक: कार्बोनेट कमी झालं की संपूर्ण समूहाचं, म्हणजे प्रवाळ आणि त्याच्यासोबत चुनखडी साठवणारं शेवाळ धरून, चुनखडी बांधणं त्याच प्रमाणात कमी होतं. हवेतला जादा कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरला की कार्बोनेटचं बायकार्बोनेट होतं. अल्कलिनिटीचा आकडा तोच राहतो, पण सांगाड्याचा माल आटतो. दोन: हा परिणाम काही दिवसांच्या बदलात दिसला तेवढाच महिन्यावर्षांच्या बदलातही दिसला. म्हणजे प्रवाळाला सवय होत नाही. तीन: 1880 ते 2065 या काळात जगातल्या प्रवाळांची चुनखडी बांधण्याची गती 40 टक्क्यांनी घटेल, असं त्यांच्या आकड्यांवरून निघालं. त्याआधीच्या छोट्या प्रयोगांचे अंदाज 14 ते 30 टक्क्यांचे होते.

इथून पुढे काळजी सुरू होते. टाकीत जे जमलं ते समुद्रात जमेल का, हे पाहण्याचा प्रयत्न ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर, वन ट्री बेटाच्या खाजणात झाला. रेबेका ऑलब्राइट आणि सहकाऱ्यांनी भरती-ओहोटीच्या वेळा साधून वाहत्या पाण्यात सोडियम हायड्रॉक्साइड सोडला आणि पाणी औद्योगिक काळाआधीच्या स्थितीच्या जवळ नेलं. 2016 साली त्यांनी नोंदवलं, की प्रवाळाची बांधणी सुमारे 7 टक्क्यांनी वाढली. मग उलट प्रयोग करून पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडला. 2018 चा निकाल 34 टक्के घट. म्हणजे इलाज लागू पडतो. पण तो एका उथळ खाजणापुरता.

अख्ख्या समुद्राला अल्कली पाजायची म्हटलं तर ती आणायची कुठून? चुना करायचा तर चुनखडी भाजावी लागते, आणि भाजताना तोच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो धरून ठेवल्याशिवाय या उद्योगाला अर्थ नाही. शिवाय रसायन हे प्रवाळाचं एकच दुखणं. दुसरं उष्णता. पाणी नेहमीपेक्षा अंश-दीड अंश जास्त तापलेलं काही आठवडे राहिलं, की प्रवाळ आपल्या पेशींतलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. एप्रिल 2024 मध्ये अशा पांढरं पडण्याची चौथी जागतिक लाट जाहीर झाली. त्यावर सोड्याचा उपयोग नाही.

बायोस्फिअरच्या समुद्रालाही पुढे हाल सोसावे लागले. कोलंबिया विद्यापीठ 2003 मध्ये बाहेर पडल्यावर तिथे शेवाळ माजलं आणि प्रवाळ फारसं उरलं नाही. रोजची वही बंद पडली की एवढी मोठी टाकीही तग धरत नाही. आता ॲरिझोना विद्यापीठ त्याच पाण्यात प्रवाळ पुन्हा वसवण्याच्या संशोधनामागे आहे.

आपल्याकडेही प्रवाळ आहे: मालवणच्या खडकांवर, आणि विजयदुर्गाच्या पश्चिमेला साधारण 100 किलोमीटरवरच्या आंग्रिया बँकवर. तिथल्या पाण्यातही हवेतला तोच वायू उतरतो आहे. कारखाने, गाड्या, वीजनिर्मिती यांतून तो निघणं कमी करणं, हीच समुद्रापुरती खिडकी उघडण्याची रीत. दुसरी कोणाला सापडलेली नाही.

घरच्या टाकीचा सल्ला त्यामानाने सोपा आहे. मीठ-पाण्याची घनता आणि तापमान आधी स्थिर करा. अल्कलिनिटी रोज ठरल्या वेळी मोजा आणि लिहून ठेवा. दिवसात एक डीकेएचपेक्षा जास्त बदल करू नका. आकडा चुकीचा असला तरी हळू चला. पीएच पडला तर डबा उघडण्याआधी खिडकी उघडा. आणि एक पक्कं लक्षात ठेवा: भारतात कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीला. आपल्या समुद्रातलं जिवंत प्रवाळ कोणी स्वस्तात देऊ करत असेल तर घेऊ नका, वन विभागाला कळवा.