मेनूतील विभाजक रेषा

अक्षराधारित पडद्यावरील मेनूत ‘जतन करा’ आणि ‘बाहेर पडा’ यांच्यामधली आडवी रेषा, म्हणजेच विभाजक, हे चित्र नसून एकाच चिन्हाची ओळभर केलेली पुनरावृत्ती असते. १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलवर रेखाचिन्हांचा संच निवडला, की लहान लिपीतील ‘क्यू’च्या जागी आडवी रेघ उमटते, तर ‘टी’ आणि ‘यू’च्या जागी ती रेघ डाव्या-उजव्या कडांना जोडणारे सांधे मिळतात. हे सांधे राहून गेले, की रेषा चौकटीपासून तुटलेली दिसते, आणि नवशिक्याचे काम बहुधा तिथेच ओळखू येते. एनकर्सेस या लायब्ररीत ही चिन्हे सांकेतिक नावांनी मागवली जात असल्यामुळे, टर्मिनलला ती येत नसल्यास वजा-अधिकची चिन्हे वापरली जातात. दुहेरी किंवा ठळक रेषेसाठी युनिकोडमधील १२८ चौकटचिन्हे उपलब्ध आहेत. निवडपट्टी रेषेवर थांबू नये, याची तजवीज मात्र निराळी करावी लागते.