तीस वॅटची आकाशवाणी



देवकीला सासरी पोचवायला कंस रथ हाकीत निघाला आणि वाटेत आकाशातून शब्द आले, ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणीच ऐकलेली आहे. बोलणारा दिसत नाही, पण बोललेले स्वच्छ ऐकू येते, ती आकाशवाणी. रेडिओला आज आपण याच नावाने ओळखतो. मराठीत पूर्वी 'नभोवाणी' म्हणण्याची रीत होती. 'नभोनाट्य' हा शब्द तिची खूण म्हणून अजून उरला आहे. मग 'आकाशवाणी' हे नाव आले कुठून? दिल्लीच्या एखाद्या कचेरीतून? छे! ते आले म्हैसूरहून, एका प्राध्यापकाच्या राहत्या घरातून. त्या घराचे नाव ऐकून तर आपल्याला पंढरपूरच आठवावे. ते होते 'विठ्ठल विहार'.

डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी हे म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. विषय मनाचा, नोकरी शिकवण्याची. पण वर्गातल्या चार भिंतींत मावेल तेवढेच शिकवावे, हे काही त्यांना पटेना. 10 सप्टेंबर 1935 रोजी त्यांनी आपल्या घरातून ध्वनिक्षेपण सुरू केले. यंत्राची ताकद किती? अवघी 30 वॅट! आपल्या घरांत पूर्वी पिवळ्या उजेडाचे 60 वॅटचे दिवे असत. त्या एका दिव्याच्या निम्मी ताकद, आणि तेवढ्यावर एका शहराशी बोलायचे!

आता तुम्ही विचाराल, एवढ्याशा यंत्राचा आवाज जाणार कुठवर? त्यासाठी रेडिओचे काम कसे चालते ते थोडे पाहू या. बांधावरून हाक मारली तर ती दोन-चार शेते ओलांडते आणि विरून जाते. म्हणून केंद्रातले यंत्र आधी विजेच्या एकसारख्या लहरी निर्माण करते. या लहरी आवाजापेक्षा कितीतरी लांब जातात. मग बोलणाऱ्याच्या आवाजाप्रमाणे त्या लहरींची उंची कमी-जास्त केली जाते. टपालवाला जसा पत्र घेऊन जातो, तशी ही लहर आवाज घेऊन जाते. घरचा रेडिओ उंचीतला तो चढउतार ओळखतो आणि त्याचा पुन्हा आवाज करतो. यालाच ए. एम. पद्धत म्हणतात. मध्यम लहरी दिवसा जमिनीच्या कडेकडेने जातात. रात्री त्या वातावरणाच्या वरच्या थरावरून परत फिरून दूरवर उतरतात. म्हणूनच जुन्या रेडिओवर रात्री परमुलखातली केंद्रे लागत. यंत्र लहान असले की त्याचा भरवशाचा टापूही लहान. म्हैसूरचे केंद्र म्हणजे शहर आणि आसपास, इतकाच त्याचा संसार.

पण हे लहानपणच त्याच्या कामी आले, असे मला वाटते. त्याच्याआधीची एक हकीकत पाहा. मुंबईला 23 जुलै 1927 रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने आपले केंद्र सुरू केले. त्याची ताकद दीड किलोवॅट, म्हणजे म्हैसूरच्या पन्नास पट. पुढच्याच महिन्यात कलकत्त्याचे केंद्र निघाले. कंपनी मोठी, शहरे मोठी. परंतु परवाने काढून ऐकणारे थोडे निघाले, खर्च भागेना, आणि 1930 साली कंपनी बुडाली. तीन वर्षेही पुरती झाली नाहीत! मग सरकारने ते काम हाती घेतले. इकडे म्हैसूरचे केंद्र प्राध्यापकांच्या पदरच्या पैशावर, नगरपालिकेच्या मदतीवर आणि लोकांच्या वर्गणीवर चालले, आणि टिकले. लोक आपल्या गावच्या देवळाला वर्गणी देतात ना, तसाच हा प्रकार. बोलणारा आपल्यातला असला, की त्याचा दिवा विझू नये असे माणसाला वाटते.

या केंद्राला 'आकाशवाणी' हे नाव लाभले. ते खुद्द गोपालस्वामींनी दिले असे कोणी म्हणतात, तर कोणी कन्नड लेखक ना. कस्तुरी यांचे नाव घेतात. कस्तुरीही त्या केंद्रात काम करीत होते. दिल्लीचे केंद्र त्यानंतर, 1 जानेवारी 1936 रोजी सुरू झाले, आणि 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव त्याच वर्षी जूनमध्ये आले. म्हणजे धाकट्या भावाचे बारसे आधी झाले म्हणा ना!

पुढे 1942 साली म्हैसूर संस्थानाने हे केंद्र आपल्याकडे घेतले. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा ऑल इंडिया रेडिओची सहा केंद्रे भारतात होती, आणि पाच केंद्रे संस्थानांकडे होती. त्या पाचांत म्हैसूरबरोबर मराठवाड्यातले तेव्हाचे औरंगाबादही होते. 1950 साली म्हैसूरचे केंद्र देशाच्या रेडिओत सामील झाले आणि 1955 साली ते बंगळूरला हलवण्यात आले. केंद्र गेले, पण नाव राहिले. नुसते राहिले नाही, तर 1957 पासून ते साऱ्या देशाच्या रेडिओचे नाव झाले. आणि 2023 साली तर इंग्रजी नाव बाजूला ठेवून सगळीकडे 'आकाशवाणी' हेच म्हणावे, असे ठरले. पुण्याच्या केंद्रावरून निवेदक 'आकाशवाणी पुणे' म्हणतो, तेव्हा 'विठ्ठल विहार'मधलाच शब्द आपल्या कानी पडत असतो.

मंडळी, ही गोष्ट केवळ जुनी म्हणून सांगितली नाही. गेल्या काही वर्षांत मध्यम लहरींची अनेक यंत्रे बंद झाली. आता बहुतेक ऐकणे एफ. एम. वर आणि मोबाइलवर चालते. साऱ्या जगाचा आवाज खिशात आला. पण आपल्या गावचा आवाज त्यात किती? आपल्याकडे सामुदायिक रेडिओचे धोरण आहे. शिक्षणसंस्थांना 2002 पासून, आणि कृषी विज्ञान केंद्रे व लोकांच्या नोंदणीकृत संस्थांना 2006 पासून परवाना मिळू शकतो. त्या यंत्राची मर्यादा किती ठाऊक आहे? 50 वॅट! सातारा जिल्ह्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' याच वाटेने उभी राहिली, आणि माणदेशी माणूस आपल्याच बोलीत बोलू लागला.

तेव्हा गुरुजनहो, साधने तोकडी आहेत ही आपली नेहमीची तक्रार. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. मीही मास्तरच आहे. पण पुढच्या वेळी ती ओठांवर आली, की एका मास्तराच्या घरातले ते 30 वॅटचे यंत्र आठवा. कंसाची आकाशवाणी नुसती ऐकायची होती, तिला उत्तर देण्याची सोय नव्हती. आपली आकाशवाणी तशी राहू द्यायची, की तिच्यात आपलाही आवाज मिसळायचा, हे मात्र आपल्या हाती आहे.