सगळी मतं एका फळीवर

इटलीत कोणता पेपर कोणाचा, हे वाचकांना समजावून सांग, एवढंच संपादकांचं सांगणं होतं. तो नकाशा मांडायला फार वेळ लागत नाही. मिलानचा ‘कोरिएरे देल्ला सेरा’ १८७६चा, म्हणजे आपल्या ‘केसरी’हून पाच वर्षांनी थोरला. तुरिनचा ‘ला स्ताम्पा’ १८६७चा. तो १९२६ साली फियात मोटारींच्या आन्येल्ली कुटुंबाकडे गेला. एउजेनिओ स्काल्फारी यांनी १९७६मध्ये रोमहून ‘ला रेपूब्लिका’ काढला, तोही २०२०मध्ये त्याच कुटुंबाच्या कंपनीकडे आला. ‘इल सोले २४ ओरे’ उद्योगपतींच्या संघटनेचा, ‘आव्हेनिरे’ कॅथलिक बिशपांचा. रोमचा ‘इल मेस्साज्जेरो’ आणि नेपल्सचा ‘इल मात्तिनो’ हे सिमेंट आणि बांधकामात मोठ्या झालेल्या काल्ताजिरोने घराण्याचे. निव्वळ खेळाला वाहिलेली तीन दैनिकं आहेत. त्यांतलं ‘ला गाझ्झेत्ता देल्लो स्पोर्त’ १८९९पासून गुलाबी कागदावर छापलं जातं. त्यानंच १९०९मध्ये इटलीची मोठी सायकल शर्यत सुरू केली, आणि आघाडीवरच्या सायकलपटूला १९३१पासून मिळणारी गुलाबी जर्सी त्या कागदाच्याच रंगाची.

या यादीत एक धागा सतत दिसतो. मालकाचा मुख्य धंदा दुसराच असतो आणि पेपर हे त्याच्या हातातलं एक साधन. त्याची किंमत पत्रकारांनी अनेकदा मोजली आहे. लुइजी आल्बेर्तिनी यांनी ‘कोरिएरे’ला देशातला पहिल्या क्रमांकाचा पेपर बनवलं, पण १९२५ साली फॅसिस्टांच्या दबावापुढे मालकांनी त्यांनाच बाहेर काढलं. इंद्रो मोंतानेल्ली यांनी ‘कोरिएरे’ सोडून १९७४मध्ये ‘इल जोर्नाले’ काढला. १९७७मध्ये ‘रेड ब्रिगेड्स’ या सशस्त्र डाव्या गटाच्या लोकांनी त्यांच्या पायांवर गोळ्या झाडल्या, तरी ते लिहीत राहिले. पुढे त्या पेपरच्या मालक कुटुंबातले सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी राजकारणात उतरले, तेव्हा मात्र १९९४मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, मोंतानेल्लींनी स्वतः काढलेला पेपर सोडला. गोळ्यांनी जे झालं नाही ते मालकीनं केलं.

मग फक्त पेपरवरच ज्याची चूल पेटते असा माणूस या धंद्यात आहे तरी कोण? तो मला चौकात भेटला. इटलीत त्याच्या ठेल्याला ‘एदिकोला’ म्हणतात. चौकातली हिरव्या पत्र्याची टपरी, चर्चच्या भिंतीला टेकलेली खोली, बोलोन्यासारख्या शहरात कमानींखालचा कोनाडा. तिथे पोचल्यावर मालकांची वंशावळ मागे पडली आणि मी ठेल्यापाशीच रेंगाळलो.

आपल्याकडे पेपर दारात येऊन पडतो. बहुतेक घरांत एकच, वर्षानुवर्षं तोच. इटलीत घरपोच पेपर फारसा रुजला नाही. एक अपवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे. आंतोनियो ग्राम्शी यांनी १९२४मध्ये काढलेला कम्युनिस्ट पक्षाचा ‘लुनिता’ रविवारी पक्षाचे कार्यकर्ते दारोदार जाऊन विकत. बाकी वाचकानं उठून चौकात जायचं आणि पेपर उचलायचा, हीच रीत. त्यामुळे रोज सकाळी त्याला आपल्या मताचा पेपर विरोधकांच्या पेपरांच्या रांगेतून शोधून घ्यावा लागतो. आपल्याला न पटणाऱ्या बाजूचा मथळाही नजरेखालून जातोच.

बोलोन्यातल्या एका कमानीखाली ठेला चालवणाऱ्या बाईंचं काम मी पाहत असे. उजाडायच्या आधी वितरकाची गाडी गठ्ठे टाकून जाते. त्या पट्ट्या कापतात, पावतीवरचा आकडा आणि हातातल्या प्रती ताडून पाहतात, पुरवण्या आत सरकवतात, ठळक मथळ्याचा कागद बाहेर लावतात. गावचा पेपर ‘इल रेस्तो देल कार्लिनो’ हाताशी असतो. १८८५मध्ये तो निघाला तेव्हा नाण्यातून सिगारचे पैसे वजा जाऊन जी मोड उरे, त्या मोडीत पेपर मिळे, आणि त्या उरलेल्या मोडीवरूनच त्याचं नाव पडलं. नेहमीचं गिऱ्हाईक कमानीच्या टोकाला दिसलं की बाईंचा हात योग्य गठ्ठ्याकडे जातो. कोण काय वाचतो, म्हणजे बहुधा कोण कोणाला मत देतो, हे त्यांना ठाऊक. त्या स्वतः काय वाचतात हे मात्र त्यांनी गल्लीत कोणाला कळू दिलेलं नाही. दुकानदारीचा हा संयम मला फार मोलाचा वाटला.

या कामाच्या पोटात एक चिवट यंत्रणा आहे. कोणता अंक किती घ्यायचा हे ठेलेवाला ठरवत नाही, वितरक ठरवतो. न खपलेल्या प्रती परत जातात आणि त्यांचे पैसे हिशेबात वळते होतात. शिवाय कायद्यानुसार ठेलेवाल्यानं आलेल्या सर्व वृत्तपत्रांना सारखी वागणूक द्यायची असते. एखाद्याचं राजकारण पटत नाही म्हणून तो अंक खाली दडवता येत नाही. ‘इल मानिफेस्तो’चंच उदाहरण घ्या. १९७१पासून दैनिक म्हणून निघणारा हा डावा पेपर पत्रकारांच्या सहकारी संस्थेचा. त्याच्यामागे ना मोटारींचा कारखाना, ना सिमेंट. तरीही तो लक्षाधीशांच्या पेपरांशेजारी त्याच फळीवर उभा राहतो, आणि काल एकही प्रत खपली नाही तरी आज पुन्हा येतो. इटलीतल्या वृत्तपत्रस्वातंत्र्याचा इतका रोजचा, हाताला लागणारा पुरावा मला दुसरीकडे सापडला नाही.

या ठेल्यांनी देशाला आणखीही काही दिलं. मोदेना शहरात पानीनी कुटुंबानं १९४५मध्ये पेपरचा ठेला घेतला. त्या घरातल्या भावांनी १९६१मध्ये फुटबॉलपटूंच्या चित्रांची पाकिटं काढली, आणि ते अल्बम पुढे जगभर गेले. मुलांना काय हवं असतं, हे त्यांना गल्ल्यामागे उभं राहून कळलं होतं.

ठेल्याची खरी कसोटी २०२०च्या मार्चमध्ये लागली. कोरोनामुळे देश बंद झाला, तेव्हा अन्नधान्याची आणि औषधांची दुकानं उघडी राहिली, आणि त्यांच्यासोबत पेपरचे ठेलेही. बेर्गामो शहराच्या ‘लेको दि बेर्गामो’त एरवी निधनवार्तांचं पान-दोन पानं असत. १३ मार्चच्या अंकात ती दहा पानं झाली. अंत्यविधीला जाता येत नव्हतं. शेजारचा कोण गेला हे लोकांना त्या पानांवरून कळत होतं, आणि ती पानं ठेल्यावर मिळत होती.

पण ठेले टिकतील का, याची मला काळजी वाटते, आणि ती भावुकतेतून आलेली नाही. १९९०च्या सुमारास इटलीत रोज पासष्ट लाखांहून अधिक प्रती खपत. आज छापील खप वीस लाखांच्याही खाली आहे. ठेलेवाल्याला अंकाच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी मिळतं, म्हणजे खप घसरला की पहिला फटका त्यालाच. मालक तोटा दुसऱ्या धंद्यातून भरून काढू शकतो. तो तोटा त्याच्या दृष्टीनं वजनाची किंमत असते. ठेलेवाल्याला दुसरा धंदा नाही. उलट परतीचा हिशेब होईपर्यंत न खपलेल्या मालात पैसा त्याचाच अडकतो.

पेपरसोबत पुस्तकं विकून काही वर्षं निभावली. २००२मध्ये ‘ला रेपूब्लिका’नं विसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांची माला सुरू केली, तेव्हा ठेल्यांवर साहित्याची खरीच लाट आली. ती ओसरली. आता मिलानमध्ये काही ठेल्यांवर महापालिकेचे दाखले मिळतात. कोणी पार्सलं ठेवून घेतो, कोणी खेळणी विकतो. हे सगळं पाहून मला त्यांच्या जिद्दीचं कौतुक वाटतं. पण दाखले आणि खेळणी पुढे आली की पेपर मागे सरकतो, आणि सर्वांत आधी दिसेनासा होतो तो कमी खपाचा पेपर. फळीवरची समानता कायद्यात शिल्लक राहते, फळीच उरत नाही.

मोठ्या शहरात एक ठेला गेला तर दोन चौक पलीकडे दुसरा असतो. लहान गावात शेवटचा ठेला गेला की गावाची बातमी छापणाऱ्या पानालाही वाचक उरत नाही, आणि मग ते पानही बंद होतं. त्या पानांसाठी माणसांनी जीव दिले आहेत. ‘इल मात्तिनो’चे जानकार्लो सियानी तोर्रे आनुन्झियाता या गावातून काम्मोरा या गुन्हेगारी संघटनेच्या टोळ्यांबद्दल लिहीत होते. २३ सप्टेंबर १९८५ रोजी, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, नेपल्समध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. राजधानीतल्या राजकारणावर लिहिणारे पुष्कळ असतात. कोणत्या गावात कोणता टोळीप्रमुख कोणाच्या आश्रयानं वावरतो, हे लिहिणारा एखादाच. त्याचं लिहिणं त्याच गावात वाचलं जाणं, हाच त्याच्या कामाचा अर्थ.

सरकार काहीच करत नाही असं नाही. लहान वृत्तपत्रांना आणि सहकारी संस्थांना सरकारी मदत मिळते. ठेल्यांना २०१९पासून करसवलत मिळू लागली. ती तोकडी आहे, कारण चालत्या दुकानाचा कर कमी झाला म्हणून बंद पडत आलेलं दुकान वाचत नाही. वाट मात्र इटलीच्याच कायद्यात आहे. खेड्यातलं औषधाचं दुकान तिथेच टिकावं म्हणून १९६८च्या कायद्यानं त्या दुकानदाराला भत्ता देऊ केला. गिऱ्हाईक थोडं असलं तरी दुकान हवंच, हे सरकारनं तेव्हा मान्य केलं. २०२०मध्ये त्याच सरकारनं पेपरचा ठेला औषधाच्या दुकानाच्या पंक्तीला बसवला. मग ज्या गावात एकच ठेला उरला आहे, त्याला तसाच भत्ता मिळाला पाहिजे. सिमेंट आणि मोटारींच्या मालकांना आपापले पेपर जगवता येतील. सगळ्यांचे पेपर एका फळीवर ठेवणारा माणूस जगवायचा असेल, तर ते काम सरकारचंच आहे.